बटणकाका, डबा आणि काकूंचा डाव

बांधायला आलेलं पुस्तक स्वतः वाचल्याशिवाय बटणकाका सहसा परत देत नसत. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नसायचा. त्यांना वाटायचं, खळ वाळतेय, पुठ्ठा दाबाखाली आहे, म्हणून उशीर होतोय. खरं तर पुठ्ठा केव्हाच दाबातून बाहेर आलेला असायचा आणि काका चष्मा कपाळावर सरकवून, पुस्तक नाकाशी धरून मूत्रपिंडाच्या विकारांत बुडालेले असायचे. अशानं जगातल्या बहुतेक विषयांचं थोडं थोडं ज्ञान त्यांच्याकडे गोळा झालं होतं. मधमाश्या पाळणं म्हणू नका, जहाजांचे विमे म्हणू नका, कवळ्या बसवण्याचं शास्त्र म्हणू नका. पण गिऱ्हाईक वेळेआधी दारात उभं राहिलं की ते ज्ञान तिथंच तुटायचं. भूकंप कशामुळे होतो हे काका झोपेतून उठवलं तरी सांगतील. झाल्यावर काय करायचं ते मात्र विचारू नका, कारण ते प्रकरण यायच्या आत प्राध्यापक पुस्तक घेऊन गेले होते.

बटणकाका हे नाव सुनेनं ठेवलेलं. त्यामागं कारण होतं. काका तरुणपणी ज्या बाइंडरच्या हाताखाली शिकले, तिथं सरस गरम ठेवायला विजेची शेगडी असायची. एकदा ती चालूच ठेवून काका जेवायला गेले. परत आले तर गल्लीभर जळक्या सरसाचा वास आणि टेबलावर कुणाच्यातरी प्रबंधाचे फर्मे, म्हणजे घडी घालून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, कडेनं काळे पडलेले. मालक ओरडले नाहीत, मारलं नाही. एवढंच म्हणाले, "डोकं विसरणारच. हाताला शिकव." काका त्या दिवशी माळ्यावर जाऊन रडले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून हाताला शिकवायला लागले. जागेवरून उठलं की बटण बंद. हात इतका शिकला, इतका शिकला, की आता त्याला थांबवणं कुणाच्या बापाला जमेना. काकू भाजी चिरत असताना काका स्वयंपाकघरातून गेले की दिवा गेलाच म्हणून समजा. पाहुणे न्हाणीघरात असले तरी तीच गत. आतून "अहो, मी आहे!" असा आवाज आला, की काका ओशाळून परत बटण दाबायचे आणि पुढच्या बोर्डाकडं जायचे.

दुकान पुढे, घर मागे आणि वर एक मजला. वर मुलगा आणि सून राहायचे. मुलगा फोटोग्राफर होता; त्याचे फोटो गिऱ्हाइकांकडं आणि छापखान्यांकडं दिवसभर इंटरनेटवरून जात असायचे. सून रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि घरातल्या सगळ्यांच्या चुका तितक्याच बारकाईनं तपासायची. दुकान आणि घर यांच्यामधल्या बोळात, विजेच्या बोर्डाशेजारच्या फळीवर इंटरनेटचा राउटर होता. त्याला घरात सगळे डबाच म्हणायचे. डबा, बोळातला दिवा आणि फळीवरचा छोटा पंखा एकाच बटणावर होते, त्यामुळं काकांच्या हातानं डबाही अधूनमधून बंद व्हायचा आणि वरून कुणी ओरडलं की परत चालू व्हायचा. डब्याचा एक कान, म्हणजे अँटेना, मोडला होता. काकांनी त्याला पुस्तकाच्या पाठीला लावतात ते लाल कापड चिकटवून तो ताठ केला होता. दिसायला डबा आता एखाद्या जुन्या शब्दकोशासारखा दिसायचा.

घरात या डब्याची सगळ्यांत जास्त गरज कुणाला असेल, तर ती काकूंना. काकू बुद्धिबळ खेळायच्या. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं त्यांचं, पण डोक्यात कायम पट मांडलेला. निवृत्त झाल्यावर त्या संगणकावर, दूरदूरच्या माणसांशी खेळायला लागल्या. साठीपुढच्या बायकांची एक स्पर्धा दरवर्षी भरायची, सगळी इंटरनेटवरच. गेल्या वर्षी काकू त्यात अंतिम डावापर्यंत पोचल्या. समोर कुठल्याशा गावातल्या निवृत्त डॉक्टरीणबाई होत्या. काकूंचा डाव जिंकलेला होता; घोडा उचलून ठेवायचा तेवढा बाकी. त्यांनी तो ठेवला, आणि पडद्यावर एक चाक गरगरायला लागलं. वर मुलानं एका समारंभाचे शेकडो फोटो पाठवायला घेतले होते. चाक फिरत राहिलं, काकूंचं घड्याळ संपलं आणि पडद्यावर आलं, वेळ संपल्यामुळे पराभव.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी चष्म्याच्या फडक्यानं संगणकाचा पडदा सावकाश पुसला आणि उठून पीठ मळायला घेतलं. काका दारात उभे राहून बघत होते. इतकं वाईट त्यांना त्या जळलेल्या फर्म्यांचंही वाटलं नव्हतं. त्यातून संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, "नेट गेलं वाटतं तुमचं? होतं हो असं, मनाला लावून घेऊ नका." त्या निरोपातली दया काकूंना वर्षभर सलत राहिली.

यंदा काकू पुन्हा अंतिम डावात पोचल्या. समोर पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई. डाव रविवारी दुपारी. आणि डबा मात्र गेल्या वर्षीपेक्षा जास्तच रुसायला लागला होता. इंटरनेटच्या कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "काका, हा जुना झाला. याच्या आतलं सॉफ्टवेअर कंपनीनं बनवायचंच सोडलंय. आम्ही नवा देऊ, पण माल यायला वेळ लागेल. पुढच्या महिन्याचं बघा." मोबाइलवर खेळावं, तर घरात रेंज फक्त दुकानाच्या दारात यायची. स्पर्धेचा नियम असा, की खेळताना कॅमेरा सतत चालू पाहिजे आणि पंचांना खेळाडू दिसला पाहिजे. दुकानाच्या दारात, रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सल्ल्यात बसून अंतिम डाव खेळणं काकूंना मान्य नव्हतं.

इथं काकांना अँटेनाबाईंचं पुस्तक आठवलं.

अँटेनाबाई दोन गल्ल्या पलीकडं राहायच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, पण त्यांच्या गच्चीवर इतक्या अँटेना होत्या की कपडे वाळत घालायला जागा नसायची. हौशी रेडिओवाल्यांच्या त्यांच्या मंडळानं राउटरबद्दलची माहिती छापून काढली होती आणि ती बांधायला काकांकडं आणली होती. काकांनी ती अर्थातच वाचली. तिच्यातून त्यांना कळलं, की राउटरचा डबा वेगळा आणि त्याला चालवणारी आज्ञावली वेगळी. तिला फर्मवेअर म्हणतात. कंपनीनं ते बनवायचं सोडलं तरी बिघडत नाही. जगभरातल्या हौशी माणसांनी मिळून, फावल्या वेळात दुसरं फर्मवेअर लिहून ठेवलंय. ते कुणीही घ्यावं, आतून उघडून बघावं, बदलावं, आपल्या डब्यात घालावं. कुणाची परवानगी नको. काकांना ही गोष्ट फार आवडली होती. आपणही तेच करतो, फक्त उलट्या बाजूनं, असं त्यांना वाटलं. आपण पानं तीच ठेवतो आणि पुठ्ठा नवा घालतो. ही मंडळी पुठ्ठा तोच ठेवतात आणि पानं नवी घालतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चाक का गरगरतं तेही त्या पुस्तकात होतं. शनिवारी सकाळी काकांनी ते सगळ्या घराला समजावून सांगितलं.

"समजा, दुकानात रांग आहे. पुढं हा आपला चिरंजीव गाडाभर सामान घेऊन उभा. मागं तुमची आई, हातात सुयांचं एक पाकीट. आपला डबा असा दुकानदार आहे, की तो आधी गाडाभर सामानाचा हिशोब करणार आणि मग सुयांकडं बघणार. तोवर हिची वेळ संपली. नवं फर्मवेअर कसं, तर ते म्हणतं, अरे बाबा, तू जरा थांब, या बाईंचं एवढंसं काम आहे, यांना आधी जाऊ दे."

"म्हणजे चूक माझी," मुलगा म्हणाला.

"ती तर आहेच," सून म्हणाली. "पण आज विषय डब्याचा आहे."

काकू पोळी लाटत ऐकत होत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"अहो, हे तुम्ही करणार?"

"म्हणजे काय!"

"तुम्ही."

काकूंच्या आवाजात राग नव्हता. नुसती एक नजर त्यांनी मोरीजवळच्या कपडे धुण्याच्या यंत्राकडं टाकली. काकांनी ते एकदा दुरुस्त केलं होतं. तेव्हापासून ते फिरायला लागलं की भिंत सोडून चालायला लागायचं, आणि सुनेला त्याच्यापुढं स्टूल घेऊन बसावं लागायचं. त्या दुरुस्तीनंतर घरातल्या एकाही यंत्राला काकांनी हात लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि काकांनी मान खाली घालून ते कबूल केलं होतं.

"अगं, डबा तसाच राहिला तर उद्या काय होणार ते तुला माहितेय," काका हळूच म्हणाले. "गेल्या वर्षी तू पडदा पुसत होतीस ना, ते मला परत बघवणार नाही."

काकूंनी पोळी तव्यावर टाकली. पुढच्या चारपाच चाली मनात खेळून बघायची त्यांची सवय होती; पोळी फुगेपर्यंत त्यांनी त्या बघितल्या असाव्यात.

"आजच करा. उद्याच्या भरवशावर नको. आणि मी समोर बसणार."

दुपारी जेवणं झाल्यावर काका कामाला बसले. आता इथं काकांचं कौतुक केलंच पाहिजे, कारण पुढं जे झालं त्यानंतर ते करायला कुणाला सवड मिळाली नाही. त्यांनी डबा उलटा करून तळाशी छापलेला मॉडेलचा आकडा भिंगातून पाहिला. त्याच नावाचे तीन वेगवेगळे डबे बाजारात होते आणि एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चालत नाही, हे त्यांनी वाचलं होतं. नेमकी हवी तीच फाइल त्यांनी मुलाच्या लॅपटॉपवर उतरवली. फाइल येताना कुठं खराब तर झाली नाही ना, हे ताडून बघायला अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ दिलेली होती. मुलगा म्हणाला, पहिली आणि शेवटची चार अक्षरं बघितली की पुरे. काकांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो बाजूला सरकला. फर्मे शिवायच्या आधी बाइंडर एकेकावरची क्रमाची खूण बोट ठेवून तपासतो, तशी ती माळ त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. मग तारेनं डबा लॅपटॉपला जोडला.

"आता ऐका सगळे," काका उभे राहून म्हणाले. "एकदा हे सुरू झालं, की डब्याची वीज जाता कामा नये. अर्ध्यात वीज गेली तर जुनं पुसलेलं आणि नवं अपुरं. डबा ना इकडचा ना तिकडचा. कपड्यांचं यंत्र बंद. इस्त्री बंद. बोर्डाकडं कुणी फिरकायचं नाही. कुणाला सवय असते, जाता जाता हात लागतो."

"कुणाला बरं असते?" सून म्हणाली. काकांना ते ऐकू गेलं नाही.

त्यांनी फाइल निवडली, एकदा काकूंकडं पाहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू सरकायला लागली. खाली ठळक अक्षरांत सूचना होती, की वीज बंद करू नये. काका ती मोठ्यानं वाचत होते. पट्टी अर्ध्यावर आली. काकू समोरच्या स्टुलावर, हाताची घडी घालून. मुलगा दाराला टेकून. सगळं इतकं छान चाललं होतं, की सून उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिनं हाक मारली, "बाबा, चहा झालाय!"

काका चहा म्हटला की उठतात. ते उठले. बोळात वळले. हात वर गेला.

टक्.

बोळातला दिवा गेला, फळीवरचा पंखा गेला, डब्याचे सगळे दिवे गेले. लॅपटॉप बॅटरीवर होता, म्हणून त्याच्यावरची निळी पट्टी मात्र होती तिथंच, अर्ध्यापुढं थोडीशी, उभी राहिली.

काका आपल्या हाताकडं बघत राहिले. तो अजून बटणावरच होता, आणि आपण काही वावगं केलंय असं त्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे हाताला चेहरा असता तर, अजिबात दिसलं नसतं. काकांनी घाईघाईनं बटण पुन्हा चालू केलं. पंखा फिरला. डब्यावर एकच लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. मुलानं लॅपटॉपवर हे कर, ते कर केलं. काही नाही.

"झाली तुमची चाल?" काकू म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. ते तिथंच जमिनीवर बसले. "मी उद्याचा डाव घालवला तुझा," ते म्हणाले. "गेल्या वर्षी निदान चुकून झालं होतं. आज मी स्वतः उठून, या हातानं..." म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघून सुनेलाही हातातला चहा कुठं ठेवावा ते कळेना.

"पुस्तकात काही होतं का, असं झाल्यावर काय करायचं?" तिनं विचारलं.

"होतं. शेवटचं प्रकरण."

"मग?"

"ते वाचायच्या आत अँटेनाबाई पुस्तक घेऊन गेल्या."

आता मात्र काकूंना हसू आवरलं नाही. आधी ओठ दाबून बघितले, मग खांदे हलायला लागले, आणि मग त्या डोळे पुसत हसल्या. "भूकंप," त्या म्हणाल्या. "अहो, तुमचा भूकंप!" मग मुलगा हसला, सून हसली, आणि शेवटी काकाही नाक पुसता पुसता हसले. हसणं ओसरल्यावर काकू उठल्या. "डाव अजून संपलेला नाही," त्या म्हणाल्या. "लावा फोन अँटेनाबाईंना."

फोन लागायचा फक्त दुकानाच्या दारात. त्यामुळं मुलगा दारात उभा राहून ऐकायचा आणि आत ओरडून सांगायचा. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

"त्या म्हणतायत, घाबरू नका! असं सगळ्यांचं एकदा होतंच!"

"एकदा ना?" काकूंनी खात्री करून घेतली.

"त्या म्हणतायत, डबा मेलेला नाही! आत खोलवर एक छोटासा भाग असतो, तो पुसला जात नाही! त्याला जागं करायचं! मागं बारीक भोक आहे, त्यात टोचून आतली कळ दाबून धरायची! धरलेली असतानाच वीज बंद करून चालू करायची! दिवा भरभर लुकलुकायला लागला की त्याच क्षणी कळ सोडायची! आधी सोडली तर गेलं, उशीर झाला तरी गेलं!"

"मग?"

"मग परत बंद, परत चालू! जमेपर्यंत! त्या म्हणतायत, बंदचालू करायला कुणीतरी चपळ हाताचा माणूस पाहिजे!"

मग तिघंही काकांकडं बघायला लागले.

काकांनी डोळे पुसले. बाह्या वर केल्या. दुकानातून पुस्तकाला भोकं पाडायची बारीक आरी आणली आणि काकूंच्या हातात दिली, कारण कळ सोडायची वेळ साधायला काकूंसारखं माणूस घरात दुसरं नव्हतं. बुद्धिबळाच्या घड्याळावर त्यांचा हात कसा पडतो ते काकांनी पाहिलं होतं. काकूंनी भोकात आरी घातली, कळ दाबली. काका बोर्डापाशी उभे राहिले. टक्, टक्. दिवा लुकलुकला, काकूंनी सोडली. जरा लवकर. पुन्हा टक्, टक्. या वेळी उशीर. काकूंनी कपाळावरचे केस मागं सारले. "तुम्ही घाई करताय," त्या म्हणाल्या. "बंद केल्यावर एक श्वास थांबा." काका थांबायला लागले. टक्. श्वास. टक्. कितीतरी वेळा तेच. आयुष्यभर सगळ्या घरानं ज्या हाताला नावं ठेवली तो हात आता घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सगळ्यांच्या संमतीनं बटणं बंद करत होता, आणि काकांना, खोटं कशाला सांगा, फार बरं वाटत होतं.

"लागला!" सून लॅपटॉपवरून ओरडली. "पान उघडलं! फाइल मागतंय!"

फाइल लॅपटॉपवर होतीच. सुनेनं ती दिली. निळी पट्टी पुन्हा पहिल्यापासून निघाली. काकूंनी काकांचं मनगट धरलं आणि पट्टी पार शेवटाला टेकेपर्यंत सोडलं नाही. डब्याचे दिवे एकेक करून हिरवे झाले.

संध्याकाळी काकांनी नव्या फर्मवेअरमध्ये रांगेची व्यवस्था लावली. मुलाला सांगितलं, जेवढे असतील नसतील तेवढे फोटो आत्ता पाठवायला घे. त्यानं घेतले. काकूंनी खाली एक सरावाचा डाव सुरू केला. घोडा उचलला, ठेवला. ठेवल्याबरोबर समोरून उत्तर आलं. चाक कुठं दिसलं नाही. वर फोटो जात होते, जरा सावकाश, पण जात होते. रात्री वाढताना काकांच्या पानात त्यांनी न मागता आणखी एक पोळी टाकली.

रविवारी काकांना बोळापासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात, काकूंच्या मागं एका बाजूला, कॅमेऱ्यात न येणाऱ्या खुर्चीवर बसवण्यात आलं. उठायची बंदी होती. डाव सुरू झाला. डॉक्टरीणबाई पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होत्या, पांढरे केस नीट बांधलेले, चेहरा गंभीर. काकांना बुद्धिबळातलं फारसं कळत नव्हतं (त्यावरचं पुस्तक कधी बांधायला आलं नव्हतं), पण काकूंची पाठ त्यांना वाचता येत होती. डाव रंगला तशी ती पाठ ताठ होत गेली. मग खांदे सैल पडले. काकांच्या लक्षात आलं, की काकू जिंकायला आल्यात.

आणि तेवढ्यात पडद्यावर ते चाक गरगरायला लागलं.

काका खुर्चीवरून अर्धे उठले. पण दारातून दिसणाऱ्या डब्याचे दिवे हिरवे होते. काकूंचा हात त्यांना बसा म्हणत होता. चाक या बाजूचं नव्हतंच. पडद्याच्या कोपऱ्यातल्या डॉक्टरीणबाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजल्या होत्या. त्यांचं नेट गेलं होतं. चाल त्यांची होती, आणि घड्याळही त्यांचंच पळत होतं.

मुलगा आणि सून जिन्यात येऊन उभे राहिले. आणखी थोडा वेळ असंच राहिलं की स्पर्धा काकूंची. वर्षभराची सल एका झटक्यात निघणार होती, आणि नियमानं निघणार होती, कुणाला बोट दाखवायला जागा नाही. काकांना वाटलं, देवा, असंच राहू दे. त्यांनी नंतर हे काकूंजवळ कबूलही केलं.

काकूंनी थोडा वेळ त्या थिजलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग त्यांनी पडद्यावरच्या एका छोट्या बटणावर बोट ठेवलं. समोरच्या खेळाडूला आपल्या खुशीनं थोडा जास्त वेळ देता यावा, म्हणून ते बटण होतं. त्यांनी ते दाबलं. घड्याळ जरासं मागं गेलं आणि पुन्हा पळायला लागलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा.

"अगं, काय करतेस?" काका न राहवून कुजबुजले. "बंद कर ते!"

"तुम्ही जन्मभर बटणं बंद केलीत," काकू मान न वळवता म्हणाल्या. "मला हे एक दाबू द्या."

आणि त्या दाबत राहिल्या. घड्याळ संपायला आलं की एकदा, संपायला आलं की एकदा. काकांनी काकूंना रागावलेलं पाहिलं होतं, थकलेलं पाहिलं होतं, लग्नाच्या दिवशी लाजलेलंही पाहिलं होतं. पण एवढ्या मोठ्या मनाची ही बाई आपल्याच घरात राहते, हे त्यांना त्या दिवशी नव्यानं कळलं.

शेवटी डॉक्टरीणबाई हलल्या. घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग काकूंकडं पाहिलं. काय झालं असावं ते त्यांना कळलं, पण डाव चालू असताना खेळाडूंना एकमेकींशी बोलायची मुभा नव्हती. त्यांनी चाल केली. डाव पुढं चालला. पण मधल्या काळात काकूंचं मन जरा हललं होतं, आणि एका गाफील क्षणी त्यांनी हत्ती नको तिथं सरकवला. डॉक्टरीणबाईंनी ती चूक सोडली नाही. थोड्याच वेळात काकूंनी राजा आडवा केला.

काकू हरल्या.

काका कोपऱ्यातून उठून आले. काकू वळल्या, आणि काका बघतात तर त्या हसत होत्या, गाल लाल झालेले.

"हरले," त्या म्हणाल्या. "काय सुरेख हरले हो! तो हत्ती... मूर्ख बाई मी! गेल्या वर्षी मी हरलेच नव्हते, डबा हरला होता. आज मी हरले. माझ्या हातानं."

"पण जिंकली असतीस," काका म्हणाले.

"हो ना! जिंकलेच असते!" काकू म्हणाल्या, आणि त्यांना पुन्हा हसू आलं.

संगणकावर घंटी वाजली. डॉक्टरीणबाईंचा फोन होता. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता.

"तुम्ही वेळ दिलात मला. मी नंतर बघितलं. अहो, तुम्ही का..."

"गरगरणारं चाक कसं दिसतं ते मला माहितेय," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तो हत्ती मी हलवणार नाही, हे मात्र लक्षात ठेवा."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, "काय सांगू, आमचा डबा फार जुना झालाय. कंपनीवाले म्हणतात, टाकून द्या."

"टाकून बिकून देऊ नका," काकू म्हणाल्या. "आमच्याकडं हे आहेत ना. ह्यांनी आमच्या डब्यात नवं फर्मवेअर घातलंय, काल, माझ्यासमोर. तुम्हाला फोनवरून सगळं नीट सांगतील. हात चांगला आहे ह्यांचा. फक्त काम अर्ध्यावर असताना चहाला हाक मारू नका."

काका मागं उभे होते. कपड्यांच्या यंत्रापासून लागू असलेली बंदी अशी, एका परक्या बाईसमोर, सहज उठली होती. डॉक्टरीणबाईंच्या डब्याचा आकडा पडद्यावरून वाचायला लागेल म्हणून भिंग आणायला ते दुकानाकडं निघाले. बोळाकडं वळताना सवयीनं हात वर गेला. बोट खोलीतल्या पंख्याच्या बटणाला टेकलं. पंख्याखाली काकू बसल्या होत्या, हातवारे करून त्या हत्तीची गोष्ट सांगत होत्या, आणि वाऱ्यानं त्यांचे केस उडत होते.

काकांनी हात खाली घेतला आणि पंखा तसाच चालू ठेवून ते पुढं गेले. दुकानात पोचल्यावर त्यांनी एकदा वाकून मागं बघितलंच, पण परत आले नाहीत.